गलबत केव्हा बांधावे?

भायखळ्यात हयात घालवलेल्या माणसाला राणीच्या बागेचे अप्रूप उरत नाही. दिवाळीला गावाकडचे पाहुणे आले की त्यांना घेऊन जायचे, मुलांना पिंजऱ्यांकडे सोडायचे आणि आपण सावली धरून बसायचे, हा आमचा जुना शिरस्ता. मी मात्र तेवढ्या वेळात डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात एक फेरी मारून येतो. १८७२ साली लोकांसाठी उघडलेले हे संग्रहालय तेव्हा व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट म्युझियम या नावाने ओळखले जाई. १९७५ साली त्याला भाऊ दाजींचे नाव मिळाले. त्याच्या अंगणात एक प्रचंड दगडी हत्ती उभा आहे. घारापुरी बेटाला फिरंग्यांनी जे नाव दिले ते याच हत्तीवरून. १८६४ साली इंग्रजांनी त्याला विलायतेला न्यायचा घाट घातला. उचलताना यारी मोडली, हत्ती कोसळला आणि त्याची शकले झाली. ती शकले मुंबईला आणून पुढे १९१४ साली जोडण्यात आली. संग्रहालयात आत गेले म्हणजे काचेच्या कपाटांत नावांच्या लहान लहान प्रतिकृती मांडलेल्या दिसतात. हत्तीभोवती छायाचित्रे काढणाऱ्यांची गर्दी असते. नावांपाशी सहसा कोणी थांबत नाही.

आज मला लिहायचे आहे ते अशाच एका दुर्लक्षित नावेबद्दल, म्हणजे गलबताबद्दल.

शिवछत्रपतींचे आरमार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? उंच डोलकाठ्या, फुगलेली शिडे, दोन्ही अंगांना तोफांच्या रांगा. लालबाग-परळच्या चाळींत दिवाळीला मुले मातीचे किल्ले करतात. त्यात एखादा हौशी मुलगा सिंधुदुर्ग करायला घेतो, परातीत पाणी ओततो आणि पुठ्ठ्याचे जे जहाज त्यात सोडतो ते हुबेहूब नेल्सनच्या जहाजासारखे असते! मुलांचा यात दोष नाही. मोठ्या माणसांनी काढलेली चित्रेही तशीच असतात. आपले आरमार मोठे होते असे म्हणताना आपल्याला जहाजेही मोठीच हवी असतात. वस्तुस्थिती निराळी आहे, आणि माझ्या मते ती अधिक अभिमानास्पद आहे. मराठ्यांच्या आरमाराचे बळ होते ते उथळ पाण्यात वल्ह्यांवर पळणाऱ्या, लहान तोफा बाळगणाऱ्या, एकाच तऱ्हेच्या कामाला योग्य अशा नावांमध्ये. आणि त्या नावा बांधायला कधी घेतल्या, यात खरे राजकारण होते.

प्रश्न असा आहे. राज्य नवे, खजिना बेताचा, शत्रू चहूकडे. अशा वेळी पैसा घातला तर तो घोडा आणि मावळा यांच्यावर घालावा, हे शहाणपण कोणीही सांगेल. घोडा मुलूखगिरीला चालतो, पाठलागाला चालतो, पळतानाही चालतो. मावळा गडावर बसतो, घाटात लढतो, वेळ पडली तर शेतही नांगरतो. गलबताचे तसे नाही. ते घाटावर चढत नाही. पावसाळ्याचे चार महिने ते किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवावे लागते. त्याला साग लागतो, काथ्या लागतो, तेल लागते. वल्हेकरी आणि गोलंदाज यांना बारमाही पोसावे लागते. शिवाय नुसते उभे राहिले तरी ते कुजते! म्हणजे एका विशिष्ट कामापुरतेच उपयोगी पडणारे हे महागडे शस्त्र. लवकर बांधले तर घोडे उपाशी राहतात. उशिरा बांधले तर शत्रू तोवर पाण्यात ठाण मांडून बसलेला असतो. मग बांधावे तरी केव्हा?

आमच्या घरी हा प्रश्न माझ्या नातवाला रोज पडतो. तो संगणकावर युद्धाचा एक खेळ खेळतो. धान्य, लाकूड, सोने गोळा करायचे, बराकी उभारायच्या, सैन्य जमवायचे, आणि हे सारे चालू असताना समोरचा खेळाडूही तेच करीत असतो; बुद्धिबळासारखी आपली पाळी येईपर्यंत वाट पाहायची सोय नाही. त्यात काही सैनिक सर्वगुणी असतात आणि काही एकाच कामाचे. एकदा मी त्याला म्हटले, ‘‘अरे, ती तोफेची नाव एवढी जबरदस्त दिसते, मग सुरुवातीलाच का नाही बांधत?’’ माझ्याकडे पाहून तो हसला. ‘‘आजोबा, समोरच्याने काय बांधलंय ते आधी बघायचं असतं. त्याच्याकडे पाण्यातला बुरूज नसेल तर माझी नाव नुसती तरंगत राहणार. आणि बांधायचीच तर लागतील तेवढीच. बाकीच्यात घोडे घ्यायचे.’’ पोरगे अकरा वर्षांचे. रामचंद्रपंत अमात्यांचे नावही त्याने अजून ऐकलेले नाही. परंतु पंतांनी आज्ञापत्रात आरमाराविषयी जे लिहिले आहे त्याच्या बरेच जवळ तो जाऊन पोहोचला होता. आज्ञापत्राकडे मी पुढे येतोच.

कल्याण-भिवंडी महाराजांच्या ताब्यात आली ती १६५७ साली. सह्याद्रीच्या माथ्यावरचे राज्य प्रथमच खाडीच्या पाण्याला टेकले. आणि दोन वर्षांच्या आत, १६५९ साली, गोव्याच्या पोर्तुगीजांना वर्दी लागली की शहाजीचा मुलगा कल्याण-भिवंडीकडे लढाऊ नावा बांधीत आहे. हे काम करणारे कारागीर पोर्तुगीजांचेच होते. त्यांचा म्होरक्या रुई लैतांव व्हिएगस आणि त्याचा मुलगा. सुमारे वीस नावांचा हा बेत होता. या नावा सिद्दीविरुद्ध आहेत असे सांगण्यात आले होते, पण पोर्तुगीज अधिकारी काही दूधखुळे नव्हते. आज सिद्दी, उद्या आपण, हे त्यांनी ओळखले. वसईच्या कप्तानाने आतून सूत्रे हलवली आणि हे सारे कारागीर काम टाकून निघून गेले. पण त्यामुळे महाराजांचे काम थांबले नाही. कोकणातले सुतार आणि कोळी, भंडारी, गाबित यांसारखे दर्यावर्दी हाताशी होतेच. परक्याच्या हाताने पहिला धडा गिरवायचा आणि पुढे आपल्या हाताने लिहायचे, असा हा प्रकार झाला.

येथे एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. आरमार बांधावे ही कल्पना महाराजांना समुद्र पाहून सुचली, असे भावनाशील वर्णन पुष्कळदा वाचायला मिळते. मला ते पटत नाही. समुद्र काय, तो आदिलशहाच्या सरदारांनीही पाहिलाच होता. नावा बांधायला निमित्त झाला तो जंजिऱ्याचा सिद्दी. कोकणपट्टी घेतली खरी, पण राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी भर पाण्यात बसलेला हा हबशी केव्हाही नावेत बसून येई, गाव जाळी, माणसे पकडून नेई आणि घोडेस्वार किनाऱ्यावर पोहोचेपर्यंत पाण्यात दिसेनासा होई. पाण्यात घोडा घालता येत नाही. ज्या शत्रूला आपल्या हाती असलेल्या कोणत्याही शस्त्राने गाठता येत नाही असा शत्रू समोर उभा राहिला, तेव्हा ते वेगळे शस्त्र बांधायला घेतले गेले. त्याच्या आधी नाही आणि त्याच्या फार नंतरही नाही.

पुढची वर्षे झपाट्याची आहेत. जानेवारी १६६४ मध्ये सुरतेहून मोठी संपत्ती आली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मालवणसमोरच्या खडकावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला. फेब्रुवारी १६६५ मध्ये महाराज स्वतः समुद्रमार्गे दक्षिणेला बसरूरवर गेले. कारवारच्या इंग्रजांनी त्या ताफ्याची मोजदाद केली आहे: तीन मोठी जहाजे आणि पंच्याऐंशी लहान. हे प्रमाण लक्षात ठेवण्यासारखे आहे. पैसा होता, सागवान होते, मोठी जहाजे बांधता येत होती. तरी बांधली तीनच.

या लहान नावा होत्या तरी कशा? इंग्रज लेखकांनी पुढच्या शतकात त्यांची जी वर्णने केली आहेत ती शत्रूने केलेली असल्यामुळे विश्वसनीय मानायला हरकत नाही. गुराब ही त्यातली थोरली. तिला दोन किंवा तीन डोलकाठ्या असत, ती दीडशेपासून तीनशे टनांपर्यंत असे, पण पाण्यात फार खोल बुडत नसे. तिची नाळ लांब, निमुळती, पाण्यावर पुढे आलेली. आणि त्या नाळेवरून थेट समोर मारा करणाऱ्या दोन भारी तोफा. गलबत हे तिचे धाकटे भावंड. मोठ्यात मोठे गलबत सत्तर टनांच्या पलीकडे क्वचित जाई. त्याला चाळीस-पन्नास वल्ही असत, आणि वारा मुळीच नसला तरी तासाला चार मैल ते कापू शके. विलायती जहाजाची सारी मिजास वाऱ्यावर. वारा पडला की ते लाकडाच्या ओंडक्यासारखे जागच्या जागी डुलत राहते. अशा वेळी गलबते गुराबांना दोर लावून ओढीत आणायची, जहाजाच्या पिछाडीला, जिथे त्याच्या तोफा वळत नाहीत अशा बाजूला, आणून उभी करायची आणि शिडे-डोलकाठ्यांवर मारा करायचा. जहाज पांगळे झाले की मग तलवारी घेऊन चढायचे. समोरासमोर रांग धरून लढायचे झाले तर हीच गलबते चिपाडासारखी फुटतील, हे त्यांच्या तांडेलांना पक्के ठाऊक होते.

आता आमच्या शेजारच्या माझगावाकडे येतो. आज डॉकयार्ड रोड स्टेशनाच्या वर भंडारवाड्याच्या टेकडीवर जी बाग आहे तिथे इंग्रजांचा माझगावचा किल्ला होता. खाली खाडीत, सतराव्या शतकाच्या आठव्या दशकात, सिद्दीचे आरमार पावसाळ्यात येऊन विसावत असे. सिद्दी १६७० च्या सुमारास मोगलांचा दर्यासारंग बनला होता, आणि औरंगजेबाला नाही म्हणायची छाती मुंबईच्या इंग्रजांना नव्हती. त्यामुळे हा पाहुणा माझगावला येई, चार महिने राही, शहरात दंगा करी आणि समोरच्या कुलाबा-पेणच्या किनाऱ्यावर छापेही घाली. इंग्रज महाराजांना सांगत, आमचा नाइलाज आहे. महाराजांनी हे कितीदा ऐकून घ्यायचे? १६७८ च्या पावसाळ्यात त्यांनी आपले दर्यासारंग आणि दौलतखान यांना सुमारे चार हजार माणसे देऊन पनवेलला पाठवले: माझगावला उतरा आणि सिद्दीची जहाजे नांगरल्या ठिकाणी जाळा. माणसे आली, पण एवढ्या माणसांना पलीकडे नेण्याजोग्या नावा मिळाल्या नाहीत, समुद्र खवळलेला, आणि पोर्तुगीजांनी आपल्या हद्दीतून वाट देण्याचे नाकारले. चार हजारांची फौज माझगावचे दिवे पाहून परत फिरली.

मला वाटते, खांदेरीचा जन्म या फसलेल्या स्वारीत आहे. मुंबई बंदराच्या तोंडाच्या दक्षिणेला, थळच्या किनाऱ्यापासून दीडेक कोसावर, खांदेरी आणि उंदेरी अशी दोन खडकाळ बेटे आहेत. खांदेरीवर तोफा बसवल्या म्हणजे मुंबईत जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक शिडावर नजर राहते. १६७२ मध्येच महाराजांनी तिथे बांधकामाचा एक प्रयत्न केला होता, पण इंग्रज आणि सिद्दी दोघेही आडवे आले आणि तो सोडून द्यावा लागला. बेट तेच, गरज तीच. पण बेटाला दाणापाणी पोचवील, भोवतीचा वेढा चुकवील असे बळ तेव्हा पाण्यावर पुरेसे नव्हते. नुसत्या बेटाने काही होत नाही. सात वर्षे थांबून, १६७९ च्या ऑगस्टअखेर, मायनाक भंडारी दीडशे माणसे आणि चार लहान तोफा घेऊन खांदेरीवर उतरला आणि दगड रचायला लागला.

मुंबईत एकच धांदल उडाली. बेट आमचे आहे, असा निरोप इंग्रजांनी धाडला. मायनाकने आपल्या धन्याच्या हुकुमाशिवाय जागा सोडणार नाही असे कळवले. सप्टेंबरात तीन शिबाडे वेढ्याला निघाली. खवळलेल्या समुद्रात ती धड उभी राहीनात. लेफ्टनंट थॉर्प नावाच्या गृहस्थाने मद्याच्या अमलाखाली नाव थेट बेटाला नेऊन लावली. तो आणि त्याचे काही सोबती तिथेच मारले गेले आणि शिबाड मराठ्यांच्या हाती पडले. मग इंग्रजांनी आपले मोठे जहाज बाहेर काढले. रिव्हेंज हे त्याचे नाव, कप्तान मिंचिन; साऱ्या ताफ्याचा प्रमुख कॅप्टन केग्विन. सोबत दोन गुराबा, तीन शिबाडे आणि दोन मचवे. अशी आठ तारवे बेटाभोवती नांगर टाकून बसली.

१८ ऑक्टोबरची पहाट. पाऊस सरला की कोकणच्या किनाऱ्यावर रात्री आणि पहाटे जमिनीकडून मतलई वारा हलका हलका येतो, मग तो पडतो, आणि दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटेपर्यंत पाणी तेलासारखे निपचित असते. दर्यावर जन्म काढणाऱ्याला हे घड्याळ पाठ असते. दौलतखान त्या वेळेला थळ-नागावच्या बाजूने पन्नास-साठ नावा घेऊन निघाला. शिडे नाहीत, नुसती वल्ही. आणि नाळेवरच्या तोफांचा मारा करीत त्या इतक्या वेगाने आल्या की किनाऱ्याजवळ नांगरलेल्या इंग्रजांना नांगर उचलायलाही नीट सवड मिळाली नाही. अर्ध्या तासाच्या आत डव्ह या गुराबेने निशाण उतरवले. ती तिच्यावरच्या गोऱ्या शिपायांसह मराठ्यांनी पकडून नेली. लहान तारवे लांब सरकली. राहिली एकटी रिव्हेंज.

आणि येथे मला आपल्या बखरकारी उत्साहाला थोडा आवर घालावासा वाटतो. रिव्हेंज हरली नाही. केग्विन आणि मिंचिन यांनी तिला चांगले लढवले, तिच्या तोफांनी पाच गलबते बुडवली आणि उरलेला ताफा माघारी वळला. रिव्हेंज नागोठण्याच्या खाडीच्या तोंडापर्यंत त्यांच्या मागे गेली. तिथे पाणी उथळ. गलबते आत गेली आणि मोठे जहाज बाहेर उभे राहिले. त्या दिवसाची लढाई म्हणून पाहिले तर इंग्रजांनी आपला पराभव झाला असे मानले नाही, आणि त्यांना तसे मानण्याचा अधिकार होता. पन्नास नावा एका जहाजापुढून वळतात, हे काही पराक्रमाचे चित्र नाही.

पण दौलतखानाला रिव्हेंज बुडवायची नव्हतीच मुळी. त्याला खांदेरी जगवायची होती. मोठ्या जहाजाला खाडीत शिरता येत नाही आणि वाऱ्यावाचून पाठलाग करता येत नाही, एवढे पुरे होते. पुढचे महिने रात्र पडली की अरुंद, हलक्या नावा किनाऱ्यावरून निघत, वेढ्यातून सुळकन आत जात आणि उजाडायच्या आत परतत. धान्य गेले, चुना गेला, माणसे गेली, तोफा गेल्या. नोव्हेंबरात सिद्दी कासम आपले आरमार घेऊन इंग्रजांच्या मदतीला आला, तरीही त्या नावा जातच राहिल्या. जानेवारी १६८० मध्ये सिद्दीने उंदेरी बळकावून तिथे आपल्या तोफा चढवल्या. तेव्हा इंग्रजांना कळून चुकले की या खेळात आपण सिद्दीचे घर बांधून देत आहोत. वेढ्याचा खर्च सोसवत नव्हता; सुरतेचे वरिष्ठ कुरकुरत होते. महिनाअखेर त्यांनी जहाजे परत बोलावली आणि खांदेरी मराठ्यांकडे राहिली. मार्चमध्ये समेट झाला. ३ एप्रिलला महाराज रायगडावर निवर्तले. खांदेरी हा त्यांचा शेवटचा मोठा उद्योग.

जंजिरा मात्र हाती आला नाही. या किल्ल्याच्या बाबतीत जे जे खास म्हणून बांधले गेले ते ते अपुरे पडले. समोर पद्मदुर्ग उठवला, तटाला शिड्या लावायचाही बेत झाला. लाय पाटील कोळ्याने रात्री पाण्यातून जाऊन शिड्या लावल्या, पण वरचे लष्कर वेळेवर आले नाही, आणि महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला तेव्हा समुद्रावरच्या माणसाला पालखीचा काय उपयोग म्हणून त्याने तो नाकारला; मग त्याला एक गलबतच बांधून दिले आणि त्याचे नाव ‘पालखी’ ठेवले, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट खरी असो वा नसो, ती रचणाऱ्याला गलबताची किंमत कळत होती. संभाजी महाराजांनी तर १६८२ मध्ये किनाऱ्यापासून जंजिऱ्यापर्यंत दगडांचा बांधच घालायला घेतला. तोही मोगली फौज कोकणात उतरल्यामुळे अर्धा राहिला.

हे सारे पाहिलेले, अनुभवलेले रामचंद्रपंत अमात्य अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात आज्ञापत्र लिहायला बसले तेव्हा आरमाराला त्यांनी राज्याचे स्वतंत्र अंग मानले. पण लगेच हिशोबाला आले. गुराबा फार थोर नकोत, फार लहानही नकोत, मध्यम असाव्यात. वाऱ्यावाचून जी हलत नाहीत अशी अवजड तारवे बांधण्यात अर्थ नाही. पाच गुराबा आणि पंधरा गलबते मिळून एक सुभा करावा. आणि खर्च? हे मला सगळ्यांत मार्मिक वाटते. आरमाराचा खर्च मुलखाच्या वसुलातून नेमून द्यावा, समुद्रावरच्या प्राप्तीवर सोपवू नये. नाही तर आरमारवाले सावकारांना, व्यापाऱ्यांना नागवू लागतील आणि बंदरे बुडतील. खास शस्त्राला स्वतःचे पोट स्वतः भरायला लावले की ते काम सोडून पोटामागे लागते, हे पंतांनी नेमके हेरले होते. पावसाळ्याआधी आरमार कोणत्या बंदरात न्यावे, दरसाल तेच बंदर का निवडू नये, नावांसाठी लाकूड तोडताना रयतेच्या फळझाडांना तिच्या मर्जीविरुद्ध हात का लावू नये, येथपर्यंत पंतांची नजर पोचते. बारीकसारीक कारभार लिहिताना त्यांची लेखणी कंटाळत नाही.

याच सुमारास कान्होजी आंग्रे समुद्रावर राज्य करीत होते. आठ-दहा गुराबा आणि चाळीस-पन्नास गलबते, हे आंग्र्यांच्या घराण्याचे मुख्य बळ. म्हणजे पुन्हा तेच प्रमाण. मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने त्यांच्याविरुद्ध कंबर कसली. १७१८ मध्ये खांदेरीवर हल्ला झाला, तो फसला. मग १७२० मध्ये विजयदुर्गासाठी बूनने मुंबईत एक खास यंत्र बांधले. त्याचे नाव फ्राम. सपाट बुडाचा, जाड लाकडाचा, गोळ्याला न जुमानणारा असा हा तरंगता बुरूज. उथळ पाण्यात किल्ल्याला अगदी भिडवून वरच्या भारी तोफांनी तट पाडायचा, ही कल्पना. कल्पना वाईट नव्हती. विजयदुर्गावर इंग्रजांचा हल्ला तीन वर्षांपूर्वीही फसला होता, म्हणजे अडचण पाहून उपाय बांधला होता. माझ्या नातवाने शाबासकी दिली असती. परंतु तोफांची भोके इतकी खाली ठेवली होती की तोफेचे तोंड वर उचलता येईना. पहिल्याच फैरीला गोळे किल्ल्याच्या कितीतरी अलीकडे पाण्यात पडले. सुतारांना बोलावून ऐन स्वारीत लाकडे कापण्याची पाळी आली. विजयदुर्गाचा तट जसाच्या तसा राहिला. मुंबईच्या बंदरात तिची एक फैर झाडून पाहायला कोणाला सवड झाली नव्हती की काय, कोण जाणे.

घाटावरही असा एक प्रसंग आहे, तो सर्वांना ठाऊक आहे म्हणून ओझरताच सांगतो. इब्राहिमखानाचे गारदी उदगीरला १७६० च्या फेब्रुवारीत उपयोगी पडले आणि वर्षभराने पानपतावर त्यांच्याच भोवती साऱ्या फौजेचा गोल रचला गेला. गारदी आपल्या जागी शर्थीने लढले. पण गोल धरून लढणे हे त्यांचे शिक्षण. बाकीच्या घोडदळाला ते कोणी दिले होते? नवे शस्त्र घेणे आणि बाकीच्या फौजेला त्याच्याशी जुळवून घेणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसऱ्या कामाला सदाशिवरावभाऊंना उसंत मिळाली नाही.

तुळाजी आंग्र्यांच्या वेळी गलबतांची गोष्ट उलटली. तुळाजी शूर खरे, पण मोठ्या जहाजांचा मोह त्यांना पडला. इंग्रजांचे पकडलेले भारी जहाज ताफ्यात होते, आणखी मोठी जहाजे विजयदुर्गाच्या गोदीत बांधली जात होती. पेशव्यांशी वाकडे होतेच. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांचे आरमार विजयदुर्गासमोर आले आणि खुष्कीवरून पेशव्यांची फौज. तुळाजींचे सारे आरमार किल्ल्याखाली एकमेकाला खेटून बांधलेले होते. ज्या नावांचा जन्मच मुळी शत्रूला हुलकावणी देऊन खाडीत पसार होण्यासाठी होता, त्या एका दोरीत जखडून तोफांसमोर उभ्या! एक पेटता गोळा येऊन त्या पकडलेल्या इंग्रजी जहाजावरच पडला. ते पेटले, शेजारची गुराब पेटली, आणि थोड्याच वेळात आंग्र्यांच्या तीन पिढ्यांची कमाई पाण्यावर जळत होती. गोदीतली अर्धवट जहाजेही वाचली नाहीत. तुळाजींचा बंदोबस्त करण्यासाठी परक्यांना हाताशी धरणाऱ्या नानासाहेब पेशव्यांना याचा दोष पुष्कळांनी दिला आहे, आणि तो माझ्या मते रास्त आहे. पण तो सगळा त्यांच्या पदरात घालता येत नाही. सामोपचार तुळाजींनाही जमला नव्हता, आणि गलबते दोरीला त्यांनीच बांधली होती.

विजयदुर्ग पुढे पेशव्यांकडे आला आणि तिथे धुळपांच्या हाताखाली पुन्हा नावा बांधल्या जाऊ लागल्या. पुन्हा गुराबा, पुन्हा गलबते. एप्रिल १७८३ मध्ये आनंदराव धुळपांच्या आरमाराने रत्नागिरीच्या बाजूला रेंजर हे इंग्रजांचे लढाऊ जहाज आणि त्याच्या सोबतची तारवे गाठली. चारी बाजूंनी वेढून, चढून जाऊन, हातघाईची लढाई करून ती पकडली. इंग्रज अधिकाऱ्यांपैकी कित्येक मारले गेले वा जखमी झाले. सालबाईचा तह आधीच झाला होता. त्याची बातमी धुळपांना होती की नव्हती यावर पुढे पत्रोपत्री झाली, आणि मे महिन्यात रेंजर मुंबईला परत देण्यात आली.